चारशे बारा नंबरचा वाचक

आमच्या पालघरच्या वाचनालयात पुस्तक न नेता फक्त पुस्तकाचं शेवटचं पान बघून जाणारा एकच सभासद होता. दर शनिवारी अकराच्या सुमारास ते यायचे, चपला दाराबाहेर एकीला एक लावून ठेवायचे, मला मान लववून नमस्कार करायचे आणि थेट तिसऱ्या कपाटाकडे जायचे. तिथे खालून दुसऱ्या फळीवर त्यांनी स्वतः लिहिलेल्या पाच कादंबऱ्या होत्या. एकेक काढायची, मागचा पुठ्ठा उघडायचा, तिथल्या चिकटवलेल्या कागदावर नजर टाकायची, पुस्तक परत जागेवर. कोणी पुस्तक नेलं की त्या कागदावर तारखेचा शिक्का मारायचा आणि शेजारी सभासदाचा नंबर लिहायचा, ही आमची पद्धत. तेव्हा आपलं पुस्तक कोणी नेलं का, हे लेखकाला त्या कागदावर बिनचूक कळतं. पाच पुस्तकं, पाच मिनिटं. मग माझ्या टेबलासमोर येऊन बसायचे आणि म्हणायचे, "चालायचंच."

हे "चालायचंच" रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. तीस वर्षं बोईसरच्या एका कारखान्यात बॉयलरवर काढलेली, त्या धडधडीत बोलायची सवय झालेली. 'शांतता राखा' ही पाटी नेमकी त्यांच्या डोक्यावर होती आणि तिच्याखाली बसून ते नायक-नायिकेच्या हाताला हात लागण्याच्या प्रसंगावर भाषण द्यायचे. वर्तमानपत्र वाचायला आलेली मंडळी आधी वैतागायची आणि मग पान उलटायचं विसरून ऐकत बसायची.

माणूस मूळचा साताऱ्याकडचा. नोकरीसाठी इकडे आला आणि इथल्या किनाऱ्यावर भाळला. बायको मी त्यांना ओळखायच्या आधीच गेलेली, मुलगा नाशिकला, आणि हे बोईसरजवळच्या सरावलीत एका खोलीत एकटे. कोपरापर्यंत दोन्ही हातांवर जुन्या भाजल्याचे डाग. अशा माणसानं कामगार चळवळीवर काही लिहिलं असतं तर कोणाला नवल वाटलं नसतं. पण हे लिहायचे फिरंग्यांच्या काळातल्या प्रेमकथा. केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, जिथे म्हणून किल्ल्याचा दगड शिल्लक आहे तिथे त्यांनी एक जोडपं बसवलेलं. एक तटाच्या आतलं, एक बाहेरचं. आम्ही वाचनालयात त्या कादंबऱ्यांना खाडीवाली, बुरुजवाली, घंटेवाली अशा नावांनी ओळखायचो, आणि त्यांनाही ते आवडायचं. ज्या पोरीला घरात टोपणनाव आहे तिचं बरं चाललंय, असं म्हणायचे.

प्रेमाचं आणि बॉयलरचं शास्त्र एकच, हा त्यांचा सिद्धांत. थंड पाण्याखाली एकदम जाळ लावला तर पत्रा तडकतो. म्हणून त्यांच्या कादंबरीत पहिली नजरानजर साठाव्या पानाच्या आत होत नसे आणि हाताला हात लागायला दीडशे पानं. शिवाय प्रत्येक कादंबरीत एक विधवा आत्या. ती त्यांची सेफ्टी व्हॉल्व्ह. दाब फार वाढला की आत्या खोलीत येते, एवढं सांगून ते इतक्या मोठ्यानं हसायचे की मला खिडकी लावून घ्यावीशी वाटे.

निवृत्त झाले तरी पहिली पाळी सुटली नव्हती. शनिवारची सुट्टी सोडली तर सकाळी सातला लिहायला बसायचं, तीनला उठायचं, मध्ये अर्धा तास डबा. डबा स्वतःच सकाळी भरून ठेवायचा आणि त्याच खोलीत बसून उघडायचा. लिहायला कागद कारखान्यातले, बॉयलरच्या जुन्या नोंदींचे, एका बाजूनं कोरे. प्रत्येक कागदाच्या वर तारीख, सुरू केल्याची वेळ, थांबल्याची वेळ आणि शेरा. त्यांनी मला एकदा एक कागद दाखवला होता. शेऱ्यात लिहिलं होतं, 'नायिका रुसली. दहा वाजल्यापासून काम बंद.' दसऱ्याला लेखणीची आणि चष्म्याची पूजा करायचे आणि पुढच्या शनिवारी मला झेंडूचं फूल आणून द्यायचे.

एका शनिवारी आले ते लंगडत. तळपायाला फोड. मी प्रथमोपचाराची पेटी काढली तर खुर्चीत बसून पाय पुढे केले आणि आनंदानं हिशेब सांगू लागले. नायिका उमरोळीहून अनवाणी पळून माहीमच्या किल्ल्यापाशी जाते. त्यांनी लिहिलं होतं साडेतीन तास. आपण चुकीचं तर लिहिलं नाही, या काळजीनं हे गृहस्थ पहाटे उमरोळीला उतरून अनवाणी चालत निघाले होते. पावणेतीन तास लागले. पण ती त्यांच्यापेक्षा पन्नास वर्षांनी लहान, तेव्हा तिला दोनच लागतील, आणि मग नायक येण्याआधी ती दीड तास तिथे एकटी बसून काय करेल, हा नवा प्रश्न. मी फोडांना औषध लावत होते. मला हसूही येत होतं आणि त्यांचा थोडा रागही येत होता. इतका जीव तोडून केलेल्या कामाचं गिऱ्हाईक कुठे आहे, असं मनात यायचं.

आणखी एकदा त्यांनी पालघरच्या बाजारात एका मासेवाल्या बाईला गाठलं. मी भाजी घेत होते म्हणून ऐकलं. त्यांना विचारायचं होतं की ओहोटीच्या वेळी एक बाई छोट्या होडीतून खाडीबाहेर निघू शकेल का. मासेवालीनं आधी विचारलं की पापलेट घेणार की नुसतं विचारणार. मग मात्र तिनं मन लावून सांगितलं.

"सुकतीला पानी नाय राहत. तुमची बाय होडीत बसल, पन होडी चिखलात बसल. तिला सांगा, भरतीपर्यंत थांब. आमी पन थांबतो. समिंदर काय कोणाच्या नवऱ्याची वाट बघत नाय."

ते तिथेच पिशवीवर कागद धरून लिहून घेत होते. पुढच्या शनिवारी म्हणाले की अख्खं प्रकरण फाडलं. पापलेटही घ्यावंच लागलं.

आता माझं सांगते. आमच्या समितीनं एक दिवस ठरवलं की पाच वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं बाद करायची. पालघर जिल्ह्याचं ठिकाण झाल्यापासून पोरं स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मागत होती, ती ठेवायला जागा नव्हती. निर्णय काही वाईट नव्हता. मी याद्या करायला घेतल्या, आणि तिसऱ्या कपाटाच्या खालून दुसऱ्या फळीपाशी थांबले. पाचांपैकी तीन पुस्तकांच्या मागचा कागद कोरा होता. उरलेल्या दोनांवर एकेक शिक्का, तोही फार जुना. म्हणजे पाचही रद्दीत. आणि शनिवारी अकरा वाजता ते येणार, फळीपाशी जाणार.

मी शिक्का उचलला आणि खाडीवालीच्या कोऱ्या कागदावर मारला. शेजारी नंबर लिहायला हवा होता. चालू सभासदाचा लिहिला तर उद्या तो विचारेल, म्हणून एक बंद झालेला नंबर शोधला. चारशे बारा. कोणी बँकेतले गृहस्थ होते, बदली होऊन गेलेले. हे सगळं करायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. वाईट काम करताना लागते तशी मनाची तयारी मला करावी लागली नाही, कारण मी चांगलंच काम करते आहे याबद्दल मला शंका नव्हती.

शनिवारी ते फळीपाशी गेले, पहिलंच पुस्तक उघडलं आणि तसेच उभे राहिले. मग मला म्हणाले, बाई, जरा उजेडाला येता का. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. मी गेले. त्यांनी बोट ठेवून शिक्का दाखवला. मी म्हटलं, हो, गेलं होतं मध्ये. कोण, काय, त्यांनी काही विचारलं नाही. मीच घाबरत होते, पण त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी मला त्या दिवशी सांगितला. लेखकानं वाचकाच्या दारात जाऊन उभं राहू नये. त्या दिवशी ते "चालायचंच" न म्हणता गेले.

त्यांच्या प्रकाशकानं पाचवीनंतर पत्राला उत्तर देणं बंद केलं होतं. सहा वर्षं त्यांनी काही लिहिलं नव्हतं. त्या सोमवारी सातला पहिली पाळी पुन्हा सुरू झाली. सहावी कादंबरी माझ्या शिक्क्यानं सुरू झाली आहे.

मग मी थांबायला हवं होतं. पण बाकीची चार पुस्तकंही वाचवायची होती. यादी लांबवत काही महिन्यांच्या अंतरानं बुरुजवाली, मग घंटेवाली, आणि प्रत्येक वेळी तोच नंबर, कारण तो सुरक्षित होता. पुढे तर यादीचा प्रश्न मिटला तरी मी शिक्के मारत राहिले. एका म्हाताऱ्या माणसाचा शनिवार चांगला गेला तर कोणाचं काय बिघडतं, असं मला वाटायचं. त्यांनी मात्र त्या तारखांवरून एक माणूस उभा केला. पुस्तक पुढच्या शनिवारच्या आत परत येतं, म्हणजे वाचनाचा वेग चांगला. एका पुस्तकानंतर दुसऱ्याला तीन-चार महिने जातात, म्हणजे नोकरी असावी, सवड कमी. खाडीवाली दोनदा नेली, म्हणजे बाईमाणूस, कारण ती कादंबरी पुरुषांना कळत नाही. हळूहळू ती उमरोळीची झाली. हे कुठून काढलं विचारलं तर म्हणाले, माहीमचा रस्ता ज्याला माहीत आहे त्यालाच ते पुस्तक दोनदा न्यावंसं वाटेल. सहाव्या कादंबरीत त्यांनी आत्या काढून टाकली. चारशे बारा नंबरला आता व्हॉल्व्हची गरज नाही, ती समजूतदार आहे, म्हणाले. मी चहा मागवला आणि विषय बदलला.

पुढच्या वर्षी ते दाराच्या चौकटीला खांदा घासून आत यायला लागले. बाजूला ठेवलेला स्टूल त्यांना दिसेना. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डोळ्यातला दाब वाढलाय, हे ऐकून त्यांना फार मौज वाटली होती. जन्मभर दुसऱ्याचा दाब सांभाळला आणि घरचाच बघायचा राहिला, असं सगळ्यांना ऐकवत फिरले. डॉक्टरांना मौज वाटली नव्हती. एका डोळ्याचं बरंचसं गेलेलं आहे, दुसरा वाचवायचा तर शस्त्रक्रिया लगेच करायला हवी, त्यानंतर काही महिने नाशिकला मुलाजवळ राहायला हवं, गेलेली नजर परत येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. हे मला मुलानं सांगितलं. गणपती झाल्यावर तो वडिलांना न्यायला आला होता. ते निघेनात म्हणून तो सरावलीहून थेट माझ्याकडे आला. चाळिशीचा, दमलेला माणूस. माझ्यासमोर बसून त्यानं डोळे पुसले.

"बाबा म्हणतात, कोणी वाचक वाट बघतोय. मॅडम, तुमचं ते ऐकतात. तुम्ही एकदा सांगून बघा."

तेव्हा मी सांगायला हवं होतं. मुलाला सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी त्याच्याबरोबर सरावलीला गेले आणि त्यांना समजावलं की आधी शस्त्रक्रिया, मग कादंबरी. ते म्हणाले, तेरा प्रकरणं झाली आहेत, मोजून आठ राहिलीत. आता उठलो तर बॉयलर थंड होईल, आणि या वयात तो पुन्हा पेटणार नाही. मी म्हटलं की वाचक थांबेल. त्यावर त्यांनी माझ्या दिशेनं बघितलं आणि विचारलं, तुम्हाला काय माहीत, तुम्ही तिला ओळखता का. मी नाही म्हटलं. ते खरंच होतं.

मुलगा संध्याकाळच्या गाडीनं एकटा परत गेला. मी स्वतःला समजावलं की आठ प्रकरणं म्हणजे दोन-तीन महिने, दिवाळीनंतर जातील. कादंबरीच्या निमित्तानं माणूस जगतो आहे, ते निमित्त मी कसं काढून घेऊ, असंही स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट अशी की मला लाज वाटत होती. त्यांच्यासमोर खोटी पडायची लाज त्यांच्या डोळ्यांपेक्षा मला मोठी वाटली.

दिवाळी गेली. डिसेंबरपासून ते शनिवारी येईनात. फोन केला की म्हणायचे, पाळी चालू आहे. शेवटी फाल्गुनात त्यांचाच फोन आला की या. मी गेले तर शेजारच्या खोलीतला कारखान्यातला कामगार दारात उभा होता. तो म्हणाला, "चाचाजी को अब दिखता नहीं है. ज़रा ज़ोर से बोलिएगा." गेले दोन महिने त्यांना हाताला धरून नळापर्यंत तोच नेत होता.

ते इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. मांडीवर कागदांचा गठ्ठा, नाडीनं बांधलेला. कादंबरी पूर्ण झाली, म्हणाले. आवाज तसाच दणदणीत. मग म्हणाले की आज ते स्वतःचा नियम मोडणार आहेत.

"चारशे बारा नंबरला बोलावून आणा. छापायचं पुढे बघू. तिनं एकदा इथं बसून मोठ्यानं वाचावं. मला आता वाचता येत नाही, आणि मी लिहिलेलं मीसुद्धा परत एकदा बघितलेलं नाही. फार वेळ घेणार नाही म्हणावं तिचा."

मी जमिनीवर बसले होते. मी म्हटलं, "काका, चारशे बारा नंबरचं कोणी नाही."

त्यांना वाटलं तिनं वाचनालय सोडलं. पत्ता असेलच रजिस्टरमध्ये, म्हणाले. मग मी सगळं सांगितलं. समितीची यादी, रद्दी, पहिला शिक्का, बँकेतले गृहस्थ. न थांबता सांगितलं, कारण थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं. ते मध्ये एकदाच बोलले. पाचही का, एवढं विचारलं. मी म्हटलं, पाचही. खाडीवाली दोनदा नेली होती तेसुद्धा का. मी म्हटलं, तेसुद्धा.

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुम्ही तरी वाचलीत का?"

खरं सांगायचं तर मी कथा-कादंबऱ्या वाचतच नाही, पुस्तकं सांभाळते. सतरा वर्षं ते माझ्यासमोर बसून गोष्टी सांगत होते, तेवढ्यावर मला वाटायचं की त्या मला माहीत आहेत. त्यांच्या पाच पुस्तकांचं मागचं पान मी कितीदा उघडलं असेल, पहिलं पान एकदाही नाही. मी नाही म्हटलं.

त्यांनी मान हलवली. गठ्ठा माझ्या आवाजाच्या दिशेनं पुढे केला. "मग ही तरी वाचा. कोणीतरी एकानं वाचायला पाहिजे. चौदाव्या प्रकरणापासून घ्या. आधीचं नुसतं पाणी तापवणं आहे."

मी नाडी सोडली. तेरा प्रकरणं त्यांच्या ठसठशीत अक्षरात होती. चौदाव्याचा पहिला कागद घेतला. ओळींवर ओळी चढल्या होत्या. एक ओळ संपून दुसरी तिच्याच पोटात सुरू झालेली, तिसरी त्या दोघींना कापून खाली उतरलेली. एखादं 'ती', एखादं 'म्हणाली' सुटं दिसत होतं. पुढच्या कागदावर तसंच. काही कागद कोरे होते, फक्त टोकाचे ओरखडे. पेनातली शाई संपलेली त्यांना कळली नव्हती, ते पानंच्या पानं लिहीत गेले होते.

ते खुर्चीत सावरून बसले. हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान थोडी तिरकी केली. त्या क्षणी मला वाटलं, काहीतरी रचून सांगावं. पण त्यांची माणसं कशी बोलतात, त्यांचं वाक्य कसं सुरू होतं, हे मला ठाऊक नव्हतं. एक जरी कादंबरी वाचली असती तर त्या दिवशी मी त्यांना फसवू शकले असते.

"अक्षर लागत नाही, काका."

"कुठून?"

"चौदाव्याच्या पहिल्या ओळीपासून."

"शेवटपर्यंत?"

मी एकेक कागद उलटत गेले. त्यांना कागदांचा आवाज ऐकू येत होता, म्हणून एकही वगळला नाही. शेवटच्या कागदापर्यंत गेले आणि म्हटलं, शेवटपर्यंत.

"मुलगा गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी चौदावं घेतलं होतं," ते म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज त्या खोलीपुरता होता.

मी कागद गोळा करून पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी कडा चाचपून नीट जुळवल्या आणि नाडी बांधली. गाठ नीट बसत नव्हती. मी हात पुढे केला तर त्यांनी गठ्ठा बाजूला घेतला.